रुळांलगतची शॅक आणि हेडफोनची निवड

खिडकीखालून जाणाऱ्या लोकल आणि शेजारच्या पुनर्विकासाचे पायलिंग यांच्या गोंगाटात हॅम (हौशी) रेडिओच्या ४० मीटर पट्ट्यावरचे क्षीण सिग्नल ऐकू येत नाहीत, तेव्हा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यावा का, हा आपला प्रश्न वाचला आणि कुर्ल्यातील माझी जुनी शॅक, म्हणजे रेडिओ संचाची खोली, आठवली. मी नेमका तसा हेडफोन घेतला होता आणि तीच माझी सर्वांत महागडी चूक ठरली.

पंख्याची घरघर, गाडीचा खालच्या पट्टीतील सलग घोष त्याने खरोखर दाबला. परंतु सुमारे १ किलोहर्ट्झच्या वर हे तंत्र फारसे चालत नाही आणि पायलिंगच्या घावासारख्या अचानक आवाजापुढे तर ते हतबल असते. एसएसबीचे (हॅम मंडळींच्या नेहमीच्या आवाजी प्रसारण पद्धतीचे) बोलणे ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये असते, म्हणजे लोकलचा भोंगा आणि जिन्यातील गप्पा जिथे आड येतात, तिथेच हा हेडफोन कमी पडला. त्यातच बोलण्यासाठीचे पीटीटी बटण दाबले, की ट्रान्समीटरची १०० वॅटची आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) त्याच्या आतील अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरून माझाच आवाज कानात चिरकत असे. वायरलेस बंद करून, केबलला फेराइट (आरएफ अडवणारे कडे) लावूनही ते थांबले नाही. सेवा केंद्रात तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी मिळाली, आणि चालू ट्रान्समीटरजवळ तपासा म्हटल्यावर तेथील गृहस्थांनी ट्रान्समीटर बंद ठेवून ऐकण्याचा सल्ला दिला! हेडफोन त्या कामासाठी बनवलेला नव्हता हे मान्य. पण तेवढे स्पष्ट सांगितले असते, तर माझ्या दोन रजा वाचल्या असत्या.

मी ध्वनितज्ज्ञ नाही, तरी माझे ठाम मत असे, की कान पूर्ण झाकणारा, बंद कपांचा, साधा वायरचा हेडफोन घ्यावा. चष्म्याच्या दांडीमुळे गादीत फट राहते आणि सारा गोंगाट तिथूनच आत येतो, म्हणून चष्मा लावूनच तो घालून पाहावा. २५० ओहम रोधाचे स्टुडिओ हेडफोन बहुतेक रिगवर (रेडिओ संचावर) हळू वाजतात. ३२ ओहमच्या आसपासचा पुरतो. ब्लूटूथमध्ये साइडटोन, म्हणजे आपल्याच संदेशाचा कानात येणारा सूर, उशिरा पोहोचत असल्याने सीडब्ल्यूची (मोर्स संदेशांची) की अडखळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जोडणीचा प्लग घेण्यापूर्वी रिगचा जॅक मोनो आहे की स्टिरिओ, हे मॅन्युअलमध्ये पाहून जावे, कारण मोनो जॅकमध्ये स्टिरिओ प्लग घातल्यास एकच कान वाजतो आणि दुसरी बाजू शॉर्ट होते. गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेऊ नये; ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची एक प्रचलित शिफारस आहे आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही वेळ निम्मी होते.

खरेदीपूर्वी आणखी एक करावे. रिग बॅटरीवर घेऊन घरातील मुख्य स्विच बंद करावा. एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) लगेच खाली आला, तर आपला निम्मा त्रास एलईडी दिव्यांच्या किंवा चार्जरच्या रेडिओ खरखरीचा आहे आणि त्यावर कोणताही हेडफोन चालणार नाही.