नवा स्मार्ट बँड घेतलाय? सुरुवातीला एवढंच करा

बँड घेतलात, छान केलंत. आता तो दोन महिन्यांत कपाटात जाऊ नये, एवढंच बघा. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर माझ्या ओळखीचे जे लोक वर्षानुवर्षं बँड वापरतायत, ते सगळे एकच आकडा बघतात. कोणी पावलं, कोणी झोप, कोणी आरामात असतानाचे हृदयाचे ठोके. तुम्हीही एकच निवडा.

- चार्जिंगची वेळ ठरवून टाका. आंघोळीला जाताना लावायचा, आवरलं की मनगटावर. बहुतेकांची सवय इथेच तुटते; चार्जिंगला काढला तो काढलाच.
- कॉल सोडून बाकी नोटिफिकेशन बंद.
- पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न रुतणारा. हिरवा प्रकाश त्वचेतून रक्ताचा प्रवाह टिपतो, त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना आकडे भलतेच येतात आणि माणसाचा विश्वास उडतो.

१०,००० पावलांचं दडपण नको. तो आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला. पहिला आठवडा रोजची पावलं नुसती बघा, मग हजार वाढवा. खरंच पुरे आहे.

रक्तदाबासाठी मात्र दंडाला बांधायचं यंत्रच वापरा, आणि बँड बघून गोळ्या कमी-जास्त करू नका.

झोपेचे टप्पे, एचआरव्ही (दोन ठोक्यांमधल्या वेळेत होणारा बदल) वगैरे महिन्याभराने विचारा, सविस्तर सांगतो.