नकली बाळ्या घातल्यावर कान लगेच न खाजता दोन दिवसांनी का चिघळतो?

कारण नकली बाळ्यांतल्या निकेल या धातूची अ‍ॅलर्जी अँटिबॉडींची नसून टी-पेशींची (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) असते, आणि त्या कानाच्या पाळीत गोळा व्हायलाच एक-दोन दिवस जातात. घामाने बाळीच्या दांडीतून सुटलेलं निकेल त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं. आधीच्या संपर्कात त्याची ओळख पटलेल्या टी-पेशी मग तिथे धावतात. गंमत म्हणजे निकेल माणसाच्या टीएलआर-४ या ग्राहीला (प्रतिकारपेशींवरच्या, धोका ओळखणाऱ्या रिसेप्टरला) थेट चिकटून धोक्याची घंटाही स्वतःच वाजवतं. उंदराच्या ग्राहीत त्याला तशी पकडच मिळत नाही. पॅच टेस्टची, म्हणजे अ‍ॅलर्जी तपासायला पाठीवर संशयित पदार्थ लावून चिकटवलेली, पट्टी ४८ तासांनी काढून पाठ पुन्हा ७२ ते ९६ तासांनी तपासतात, ती याच उशिरामुळे. मात्र बाळी घालताच काही मिनिटांत गांधी उठत असतील, तर कारण वेगळं असू शकतं, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.