घरचा व्हीपीएन ‘सुरू’ दिसतो, तरी बाहेरून काहीच का उघडत नाही?

तुमच्या प्रश्नातील अडचण अशी आहे: सांगलीच्या घरी रास्पबेरी पाय (पुढे नुसते ‘पाय’) या छोट्या संगणकावर तुम्ही वायरगार्ड हे व्हीपीएनचे, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी खासगी बोगदा उभारणारे, सॉफ्टवेअर बसवले आणि तिथे असताना पायचा स्थानिक पत्ता घालून घरच्याच वायफायवर ते चालवून पाहिले, तेव्हा सारे सुरळीत होते. पुण्यास परतल्यावर त्या जागी घरचा इंटरनेटवर दिसणारा पत्ता घातला, राउटरमध्ये ५१८२० हा पोर्ट (आत येण्याचे क्रमांकित दार) आधीच उघडून ठेवला होता. आता फोनवर किल्लीचे चिन्ह येते, अ‍ॅपमधील बटणही चालू दिसते, परंतु ना घरचा कॅमेरा दिसतो ना एखादे संकेतस्थळ उघडते.

प्रथम त्या किल्लीच्या चिन्हावरचा विश्वास काढून घ्या. फोनने स्वतःच्या बाजूने एक आभासी नेटवर्क उभे केले आहे, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे कोणी उत्तर देत आहे की नाही, हे त्यातून मुळीच कळत नाही. खरा पुरावा अ‍ॅपमध्ये बोगद्याच्या नावावर टिचकी मारल्यावर दिसणाऱ्या ‘लेटेस्ट हँडशेक’ (दोन्ही टोकांची शेवटची ओळख पटल्याची वेळ) या ओळीत आणि पायवर ‘डब्ल्यूजी शो’ ही आज्ञा दिल्यावर येणाऱ्या त्याच ओळीत असतो. वाहतूक चालू असताना साधारण दर दोन मिनिटांनी नवा हँडशेक होतो. ती ओळच नसेल आणि आलेल्या डेटाचा आकडा शून्य असेल, तर तुमची पाकिटे (डेटाचे तुकडे) पायपर्यंत पोहोचत नाहीत, किंवा तिथून निघालेले उत्तर तुमच्यापर्यंत येत नाही. हँडशेक होत असेल, तर मात्र दोष पुढे, म्हणजे मार्ग, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) किंवा पाकिटाच्या आकारात शोधावा लागतो.

घरच्या वायफायवर जोडणी झाली होती, यावरून वायरगार्डच्या किल्ल्या (दोन्ही टोकांच्या ओळखीचे संकेत) बरोबर आहेत हे सिद्ध होते. तेव्हा त्या पुन्हा पुन्हा तयार करण्यात वेळ घालवू नका. माझा अंदाज तुमच्या सेवादात्याच्या सामायिक पत्त्यावर, म्हणजे सीजीनॅटवर आहे. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, इंटरनेट पत्ते अपुरे पडू लागल्याने अनेक सेवादाते शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, आणि त्यासाठी १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा पट्टा २०१२ पासून राखून ठेवलेला आहे. एखाद्या संकेतस्थळाने ‘तुमचा पत्ता’ म्हणून दाखवलेला आकडा अशा वेळी तुमचा नसतो, तर त्या सर्वांचा मिळून असतो. बाहेरून आलेले पाकीट सेवादात्याच्या यंत्रापाशीच टाकून दिले जाते, कारण ते कोणाच्या घरी पाठवायचे याची नोंद तिथे नसते. तुम्ही राउटरमध्ये उघडलेला पोर्ट म्हणजे फाटक बंद असलेल्या सोसायटीत आपल्या फ्लॅटचे दार सताड उघडे ठेवण्यासारखे आहे.

तपासणी सोपी आहे. राउटरच्या व्यवस्थापन पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट स्टेटस’ या सदराखाली जो पत्ता दिसतो, त्याचा फोटो वडिलांकडून मागवा आणि संकेतस्थळाने दाखवलेल्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही एकच असतील, तर माझा अंदाज चुकला. वॅनचा पत्ता वरील पट्ट्यातील असेल, तर सीजीनॅट आहे. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा फायबरचा मोडेम स्वतःच राउटरचे काम करत आहे आणि तुमचा राउटर त्याच्या मागे आहे. मग पोर्ट दोन्हीकडे उघडावा लागतो किंवा मोडेम ब्रिज मोडवर, म्हणजे नुसता दुवा म्हणून, टाकावा लागतो. १० ने सुरू होणारा पत्ता या दोन्हींपैकी कशाचाही असू शकतो. मी स्वतः कोल्हापुरात मामांच्या घरी दोन संध्याकाळी राउटरशी झुंजत बसलो होतो, फर्मवेअरही बदलून पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी वॅनचा पत्ता वाचला तेव्हा तो १०० ने सुरू होत होता. पोर्ट उघडा आहे का हे सांगणाऱ्या संकेतस्थळांनी मला आणखीच चकवले होते. ती बहुतेक टीसीपी ही डेटा पाठवण्याची पद्धत तपासतात. वायरगार्ड यूडीपी ही वेगळी पद्धत वापरते आणि योग्य किल्लीशिवाय आलेल्या पाकिटाला उत्तरच देत नाही. त्याऐवजी पायवर टीसीपीडंप हे आलेली पाकिटे दाखवणारे साधन लावून बाहेरून जोडणीचा प्रयत्न करावा आणि एक तरी पाकीट येते का ते पाहावे.

सीजीनॅट निघाल्यास सेवादात्याकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागून पाहा. अनेकजण तो जादा शुल्क घेऊन देतात, आणि मिळाला तर फोनमध्ये तो घातला की बाकी काही बदलावे लागत नाही. दुसरा मार्ग आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा आहे. सांगलीच्या जोडणीला आणि तुमच्या मोबाइल डेटाला ते मिळत असेल, तर पायच्या सार्वजनिक आयपीव्ही६ पत्त्यासाठी राउटरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ५१८२० ला वाट द्यावी आणि फोनवरील ‘एंडपॉइंट’ या रकान्यात तो पत्ता चौकटी कंसात लिहावा. मात्र पुण्यातील कार्यालयात आयपीव्ही६ नसेल, तर तिथून हा मार्ग बंद राहील. तिसरा, आणि मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे सार्वजनिक पत्ता असलेला छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन पायनेच त्याच्याशी बाहेरच्या दिशेने जोडणी करणे, फोनही त्याच सर्व्हरला जोडणे आणि ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (ठरावीक वेळाने पाकीट पाठवत राहण्याची सोय) २५ सेकंदांवर ठेवणे, म्हणजे मधल्या यंत्रांतील नोंद जिवंत राहते. यात एक खोच आहे. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत स्वतःचे घड्याळ चालू ठेवणारी सोय नसते, आणि आधीच्यापेक्षा जुनी वेळ असलेला हँडशेक पलीकडचा सर्व्हर नाकारतो. त्यामुळे वीज जाऊन आल्यावर पायची वेळ दुरुस्त होईपर्यंत बोगदा उभा राहत नाही. एवढा खटाटोप नको असेल, तर वायरगार्डवरच आधारलेली टेलस्केल ही तयार सेवा वापरा. त्यातील यंत्रांनाही १०० ने सुरू होणारेच पत्ते मिळतात, ते पाहून पुन्हा सीजीनॅटची शंका घेऊ नका.

हँडशेक होऊ लागल्यावरही कॅमेरा दिसला नाही, तर आधी पायचाच पत्ता उघडून पाहावा. पाय उघडतो पण कॅमेरा नाही, अशी स्थिती असल्यास पायवर आयपी फॉरवर्डिंग (पाकिटे पुढे पाठवण्याची सोय) बंद असते, किंवा बोगद्यातून आलेल्या पाकिटाला परत कुठे पाठवायचे हे कॅमेऱ्याला माहीत नसते; यासाठी पायवर मास्करेडचा, म्हणजे ती पाकिटे पायच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दाखवणारा, नियम घालावा. पायवरील नोंदीत प्रत्येक फोनला स्वतंत्र, /३२ चा (एकाच यंत्रापुरता) पत्ता द्यावा. दोन फोनांना एकच पत्ता दिला, तर शेवटी नोंदवलेला फोन तो बळकावतो. आकड्यांचा पत्ता उघडतो आणि नावाचे संकेतस्थळ उघडत नाही, तर दोष डीएनएसच्या ओळीत आहे. पिंग जाते, छोटी पाने उघडतात, पण व्हिडिओ अडकतो, तर फोनवर एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) नेहमीच्या १४२० ऐवजी १२८० करून पाहावा. पीपीपीओई, म्हणजे वापरनाव आणि पासवर्ड लागणाऱ्या, जोडणीत मुळातच १४९२ एवढी जागा असते आणि आयपीव्ही६ वरून जाताना वायरगार्डचे वेष्टण त्यातील ८० खाते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती पुढे नक्की आडवी येईल. सांगलीचे आणि पुण्याचे, दोन्ही घरांचे राउटर १९२.१६८.१ याच मालिकेतील पत्ते वाटत असतील, तर पुण्याच्या वायफायवरील तुमचा लॅपटॉप कॅमेऱ्याचा पत्ता पुण्याच्याच घरात शोधत बसेल आणि मोबाइल डेटावर चालणारी जोडणी घरी आल्यावर रुसेल. सांगलीच्या राउटरची मालिका बदलून १९२.१६८.४७ अशी काहीतरी वेगळी ठेवा आणि फोनवरील ‘अलाउड आयपीज’ (बोगद्यातून पाठवायचे पत्ते) मध्येही तीच लिहा. हा बदल दुरून करू नका: मालिका बदलताच पायचा पत्ता बदलतो, पोर्टचा नियम निकामी होतो, कॅमेऱ्याला स्थिर पत्ता दिलेला असेल तर तोही हरवतो, आणि मग वडिलांना राउटरखालच्या चिठ्ठीवरील बारीक अक्षरे फोनवर वाचून दाखवावी लागतात. पुढच्या वेळी सांगलीला जाल तेव्हा हे काम आधी उरका, आणि फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर कॅमेरा दिसल्याखेरीज तिथून निघू नका.