स्तनाच्या कर्करोगासाठी हार्मोन थेरपीची गोळी सुरू करायची आहे, पण दुष्परिणामांची धास्ती वाटते. काय करावे?

तुम्ही ऐरोलीहून लिहिले आहे की तुमचे वय 56 आहे, पाळी जाऊन काही वर्षे झाली आहेत, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन पार पडले आहे, अहवालात ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनांना प्रतिसाद देणारी गाठ) आले आहेत आणि डॉक्टरांनी पाच वर्षांसाठी लेट्रोझोल ही हार्मोन थेरपीची गोळी लिहून दिली आहे. परंतु खोक्यातील माहितीपत्रक वाचल्यापासून गोळी घ्यायला मन धजावत नाही. मी ठाण्यात राहते. माझी गाठही याच प्रकारची होती. पाळी चालू होती तोवर मी टॅमॉक्सिफेन घेतले आणि पाळी गेल्यावर डॉक्टरांनी मला लेट्रोझोलवर आणले, त्यामुळे दोन्ही गोळ्या मला ठाऊक आहेत. मी डॉक्टर नाही, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

त्या पत्रकाची अडचण अशी की त्यात डोकेदुखी आणि हाड मोडणे एकाच ओळीत, एकाच टायपात छापलेले असते. कोणता त्रास बहुतेकींना होतो, कोणता क्वचित, कोणता आपोआप निवळतो आणि कोणत्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे, हे वाचणारीला नीट उमगत नाही, आणि मग सगळ्याचीच सारखी भीती वाटू लागते. गोळी काय करते हे समजले की ही यादी बरीच आटोक्यात येते. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणे जवळजवळ थांबवतात, तरी चरबी आणि स्नायूंमध्ये अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते. लेट्रोझोल ते एन्झाइम अडवते. शरीरात इस्ट्रोजेन फारच कमी उरते, आणि हाडे, सांधे, योनिमार्ग, झोप यांना ते जाणवते. टॅमॉक्सिफेनची तऱ्हा निराळी आहे: ते स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेनची जागा अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनसारखेच वागते. रक्ताची गुठळी होणे किंवा पाळी गेल्यानंतर गर्भाशयाचा कर्करोग होणे, हे क्वचित आढळणारे पण गंभीर धोके त्या गोळीचे आहेत. तुम्ही प्रश्नात लिहिलेली गुठळीची भीती बहुधा टॅमॉक्सिफेनविषयी वाचून आलेली असावी. लेट्रोझोलमध्ये तो धोका टॅमॉक्सिफेनपेक्षा कमी आहे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही पाहायला हवे. अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांनी सुमारे पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यावर पहिल्या 15 वर्षांतील या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लेट्रोझोलच्या गटातील औषधे त्याहून थोडी सरस ठरली आहेत. अर्थात तुमच्या बाबतीत हा फायदा किती, हे गाठीचा आकार आणि काखेतील गाठींचा अहवाल पाहून ठरते. ‘माझ्या बाबतीत गोळी घेतली आणि नाही घेतली, तर फरक किती?’ हा प्रश्न डॉक्टरांना याच शब्दांत विचारा. उत्तर आकड्यांत मागण्यात संकोच नको.

आता सांधेदुखीविषयी, कारण गोळी सोडून देण्याचे ते सर्वांत मोठे कारण असते. जवळपास निम्म्या स्त्रियांना कमीअधिक प्रमाणात ती होते आणि बहुधा पहिल्या काही महिन्यांत सुरू होते. मला सकाळी बोटे आखडायची, कुकरचे झाकण लावताना मनगट दुखायचे, आणि ठाणे स्थानकाचा जिना उतरताना गुडघे बोलायचे. दुपारपर्यंत अंग सैल होई. यावर सर्वांत उपयोगी ठरतो तो व्यायाम, जरी दुखत असताना कोणी तसे सांगितले की राग येतो. अमेरिकेत 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम आणि आठवड्याला एकूण 150 मिनिटे जलद चालणे असा कार्यक्रम वर्षभर केलेल्या स्त्रियांची तीव्र वेदना सरासरी 29 टक्क्यांनी कमी झाली. मी उपवन तलावाभोवती चालते आणि घरी हलकी डंबेल्स उचलते. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून याच गटातील ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देऊन पाहतात, कारण एक गोळी न मानवलेल्या अनेकींना दुसरी मानवते. म्हणजे उद्या पहिली गोळी घेतल्याने तुम्ही पाच वर्षे याच गोळीशी बांधल्या जात नाही.

हाडांचे दुखणे नसते, ती गुपचूप विरळ होतात. म्हणून सुरुवातीलाच हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्यावी. घनता कमी निघाली तरी त्यावर औषधे आहेत. गरम वाफा येतात. ठाण्या-नवी मुंबईच्या ऑक्टोबरात वाफ कुठली आणि उकाडा कुठला हे कळत नाही हा भाग वेगळा. झोप उडत असेल तर व्हेन्लाफॅक्सिनसारखी, हार्मोन नसलेली औषधे डॉक्टर देऊ शकतात. योनिमार्गाच्या कोरडेपणाविषयी आपल्याकडे बायका बोलतच नाहीत. त्यासाठी साधी मॉइश्चरायझर जेल मिळतात, मात्र इस्ट्रोजेन असलेले मलम कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नये. ‘शक्तीसाठी’ म्हणून शेजारणीने दिलेला काढाही आधी त्यांना दाखवावा.

तुमच्या धास्तीला मी वेडेपणा म्हणणार नाही. तरी एक गोष्ट सांगते. जर्मनीत 111 स्त्रियांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोळी सुरू करण्याआधीच जास्त त्रासाची अपेक्षा धरणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांनंतर खरोखरच जास्त त्रास असल्याचे आढळले. याचा अर्थ त्रास मनाचा खेळ असतो असा मुळीच नाही. माझी बोटे खरीच आखडत होती. पण रोज रात्री इतरांचे वाईट अनुभव शोधत बसणे तुम्ही थांबवावे, असे मला वाटते.

मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टरांसमोर मिळणारा वेळ थोडा असतो, म्हणून सुरू करण्याआधीची झोप, सांधे आणि मनःस्थिती एका वहीत लिहून ठेवा. पुढे काय गोळीमुळे आणि काय आधीपासूनचे, हे त्यावरून सांगता येईल. त्रास असह्य झाला तर परस्पर गोळी बंद करून पुढच्या तपासणीला ‘घेते आहे’ असे सांगू नका. कित्येक जणी तसे करतात आणि मग गोळी बदलून देण्याची संधीच डॉक्टरांना मिळत नाही. लेट्रोझोल जेवणाआधी किंवा नंतर, कधीही घेता येते, फक्त वेळ रोज एकच ठेवावी. मी रात्रीची निवडली, कारण दात घासल्यावर ती विसरत नाही.