एच-वन-बीवरच्या मित्रासाठी माझ्या नावावर पिस्तूल घेतलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि मित्र एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. त्याच्या घरी चोरी झाल्यापासून तो धास्तावलाय. पैसे तो देणार, अमेरिकेतल्या दुकानातून पिस्तूल तुम्ही तुमच्या नावावर घेणार आणि मग त्याच्या हातात देणार.

कृपा करून हे करू नका. मी वकील नाही, पण इथे बंदूक बाळगणारा माणूस आहे आणि हे नियम मला पाळावे लागतात.

परवानाधारक दुकानात बंदूक घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो. खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, हे त्यात सरळ विचारलेलं असतं. खरं उत्तर ‘नाही’ लिहिलंत तर दुकानदाराला बंदूक विकता येत नाही. ‘हो’ लिहिलंत तर खोटं बोलल्याचा केंद्रीय गुन्हा तिथेच घडतो, पिस्तूल मित्रापर्यंत पोचायच्या आधीच. दुसऱ्यासाठी अशी आपल्या नावावर बंदूक घेण्याला इथे ‘स्ट्रॉ पर्चेस’ म्हणतात.

‘आम्ही दोघं सरळमार्गी आहोत’ हा बचाव चालत नाही. व्हर्जिनियातल्या ब्रूस अब्रॅम्स्की या माजी पोलिसाने पेन्सिल्व्हेनियातल्या मामासाठी ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं. पोलिसांना मिळणारी सवलत मिळेल, एवढाच हेतू. मामाने आधी ४०० डॉलरचा चेक पाठवला होता. बंदूक बाळगायला दोघेही कायद्याने पात्र होते, आणि पिस्तूल मामाकडे गेलं तेही पेन्सिल्व्हेनियातल्या परवानाधारक दुकानामार्फत. तरी फॉर्मवर ‘हो’ लिहिल्याबद्दल तो दोषी ठरला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती शिक्षा कायम ठेवली.

तुमचं प्रकरण याहून कितीतरी गंभीर आहे, कारण मित्र पात्रच नाही. एच-वन-बी, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, काही अपवाद सोडून. तो कुठल्या व्हिसावर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ असंही म्हणता येणार नाही. अशा माणसासाठी बंदूक विकत घेण्याबद्दल २०२२ च्या कायद्याने १५ वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. पुढे त्या बंदुकीने काही गंभीर गुन्हा होणार हे खरेदीदाराला माहीत असेल, तर २५ पर्यंत.

खरी भेट देण्याला केंद्रीय कायदा आड येत नाही. स्वतःच्या पैशाने घेतली, बदल्यात काहीच घेतलं नाही, तर फॉर्मवर खरेदीदार तुम्हीच. पण भेट घेणारा पात्र हवा. त्यामुळे ‘पैसे नको, वाढदिवसाला देतो’ ही पळवाटही तुमच्या मित्राच्या बाबतीत बंद आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या ग्रीन कार्डची वाटते. बंदुकीच्या बेकायदा खरेदीत दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढण्याची तरतूद इमिग्रेशन कायद्यात आहे. घर, मुलांच्या शाळा, इतक्या वर्षांची वाट पाहणी, सगळं एका उपकारापायी पणाला लागेल. मित्राला हे स्पष्ट सांगा. तोही ग्रीन कार्डच्या याच रांगेत उभा आहे, त्याला कळेल.

त्याच्यासाठी कायदेशीर रस्ता आहे. एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स असेल तर केंद्रीय कायद्याची ती मनाई त्याला लागू होत नाही. मग त्याने स्वतः दुकानात जावं, स्वतः फॉर्म भरावा, स्वतःच्या नावावर घ्यावं. त्याशिवाय राज्याचे नियम वेगळे असतात: न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी निराळं परमिट लागतं, इलिनॉयमध्ये आधी फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगण्यासाठीचं राज्याचं ओळखपत्र. आणि ते लायसन्स हातात येईपर्यंत त्याला गंमत म्हणूनही नेमबाजीच्या रेंजवर नेऊन तुमचं पिस्तूल चालवायला देऊ नका. आपल्याकडची मुलं वीकेंडला सर्रास जातात, पण भाड्याच्या बंदुकीलाही हीच मनाई लागू आहे.

दरम्यान चोरीच्या भीतीवर दाराचं चांगलं कुलूप, कॅमेरा आणि अलार्म हे उपाय आजच करता येतील.

पिस्तूल आधीच घेऊन झालं असेल तर ते त्याच्याकडे देऊ नका. फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणारा वकील गाठा, आणि त्याच्याशी बोलणं होईपर्यंत पुढचं पाऊल टाकू नका.