शेतातल्या काळ्या मातीची भांडी वाळतानाच तडकतात. पॉटरीसाठी कोणती माती घ्यावी, आणि कपाला कान नेमका कधी जोडायचा?

काळी माती कपाशीला उत्तम, चाकाला नाही. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना तितकंच आकसतं. उन्हाळ्यात रानाला ज्या भेगा पडतात, त्याच तुमच्या वाटीला पडतायत. त्यात चुनखडीचे खडे असले तर आणखी पंचाईत. भांडं भट्टीतून धड बाहेर येतं, पण भाजलेला चुना पुढे हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि वरचा टवका उडतो. कुंभार तळ्यातला किंवा नदीकाठचा गाळ आणतात, चाळतात, मुरवतात आणि त्यात राख, लीद किंवा बारीक वाळू मिसळतात, ते याचसाठी.

विकतची माती घेताना ती किती तापमानाला भाजायची आहे ते आधी विचारा. टेराकोटाची लाल माती साधारण 1000 ते 1100 अंश सेल्सिअसला भाजतात. ती सच्छिद्र राहते, म्हणून माठातलं पाणी गार होतं आणि म्हणूनच ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, न दिलेला टेराकोटाचा कप पाझरतो. स्टोनवेअर 1200 ते 1300 अंशांना भाजतात. तेव्हा मातीचे कण एकमेकांत वितळून घट्ट बसतात आणि भांडं पाणी जवळजवळ शोषत नाही. पोर्सेलिनमध्ये केओलिन म्हणजे चिनी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ असतं. दिसायला देखणं, पण चाकावर हट्टी. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. (जयपूरची ब्लू पॉटरी मुळात नेहमीच्या मातीची नसतेच. तिचा लगदा मुख्यतः क्वार्ट्झच्या भुकटीचा आणि काचेचा असतो.)

आता कान. चाकावरून उतरवलेलं भांडं ओलं असतं, हात लावला की वाकतं. ते थोडं सुकून लेदर हार्ड होतं, म्हणजे आकार धरतं, पण नखाने अजून ओरखडा उठतो. कान जोडणं, बूड खरवडणं, नक्षी कोरणं ही सगळी कामं याच वेळी करायची. जोडाच्या दोन्ही बाजूंना ओरखडे पाडा, त्याच मातीची पातळ स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावा आणि दाबून बसवा. कप आणि कान दोन्हींत ओल सारखी हवी. सुकलेल्या कपाला ओला कान लावला की कान जास्त आकसतो आणि सांधा सुटतो. जोडल्यावर एक रात्र प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा. पंख्याखाली किंवा उन्हात मुळीच नको, कारण काठ आधी सुकतो, बूड ओलं राहतं आणि चीर पडते.

त्यानंतर माती बोन ड्राय होते. रंग फिका पडतो आणि भांडं फार ठिसूळ होतं. गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. असं भांडं भट्टीत घाईने तापवलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं. या टप्प्यावर ते कोरडं घासूही नका, ती सिलिकाची धूळ फुफ्फुसांना घातक असते. ओल्या स्पंजने पुसा. इथवर काही बिघडलं तरी माती वाया जात नाही. पूर्ण सुकलेले तुकडे पाण्यात टाका, अर्धवट ओल्यांपेक्षा ते लवकर विरघळतात. भट्टीत मात्र साधारण 600 अंशांपर्यंत मातीच्या रेणूंत बांधलेलं पाणीही निघून जातं, मग तिचा पुन्हा चिखल होत नाही. ही पहिली भाजणी म्हणजे बिस्क. त्यावर ग्लेझ चढवून दुसरी भाजणी करतात.

तुमच्याकडे स्वतःची भट्टी नसेल, तर जिथे भाजायला देणार आहात तिथल्या माणसाला विचारून माती घ्या. टेराकोटा चुकून स्टोनवेअरच्या तापमानाला गेला तर तो वितळून भट्टीच्या फळीला चिकटतो, आणि फळीचे पैसे तुमच्या माथी बसतात. चहाचे कप करायचे असतील तर मी ग्रॉग घातलेलं स्टोनवेअर घेईन. ग्रॉग म्हणजे भाजलेल्या मातीचा बारीक चुरा. तो आधीच आकसून झालेला असल्याने तडे कमी जातात. चाकावर हाताला थोडा खरखरीत लागतो, एवढंच.