सॉफ्टवेअर एकदाच विकायचं की वर्गणीवर?

प्रश्न : दुकानांसाठी विंडोजवर चालणारं बिलिंग सॉफ्टवेअर मी एकट्याने बनवलं आहे. एकदाच 4,000 रुपये घेतो. जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्येच दिवस जातो. सगळ्यांना दरमहा वर्गणी लावू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दरमहा लावू नका. प्रोग्राम दुकानदाराच्या कम्प्युटरवर चालतो, डेटा त्याच्याच हार्ड डिस्कवर आहे, तुमचा सर्व्हर मध्ये कुठेच नाही. वर्गणी थकली म्हणून ऐन गर्दीत बिल निघालं नाही, तर तो माणूस कायमचा तुटतो, आणि त्याचा राग रास्त असतो.

पण तुमची अडचणही खरी आहे. महिन्याला 20 नवी गिऱ्हाइकं धरा. वर्षाला 240, म्हणजे 9,60,000 रुपये. पाच वर्षांनी गिऱ्हाइकं 1,200 झाली तरी वर्षाची कमाई तेवढीच. प्रत्येकामागे वर्षाला एकच तास फोनवर गेला, तरी आठ-आठ तासांचे 150 दिवस त्यातच संपतात.

त्यामुळे असं करा : 4,000 रुपयांत सॉफ्टवेअर कायमचं, सोबत एक वर्ष अपडेट आणि फोनवर मदत. पुढे ज्याला हवं त्याने वर्षाला 1,500 भरावेत. न भरणाऱ्याचं काम आहे त्याच व्हर्जनवर चालू राहील. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या टीएसएसमुळे (अपडेट आणि सेवांसाठीची वार्षिक वर्गणी) ही रीत व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. पाचव्या वर्षी जुन्या 960 पैकी निम्म्यांनी भरले तरी 7,20,000 जास्तीचे येतात. आधीच विकत घेतलेल्यांना मात्र घोषणेच्या दिवसापासून एक वर्ष फुकट द्या.

खरी गडबड लायसन्सच्या कोडमध्ये होते. लायसन्स फाइलमध्ये ‘अपडेट अमुक तारखेपर्यंत’ एवढंच लिहा आणि ती फाइल डिजिटल सहीने बंद करा. सही तपासणारी पब्लिक की प्रोग्राममध्ये ठेवा, सही करणारी प्रायव्हेट की कधीही नाही. मग तपासताना ती तारीख कम्प्युटरच्या घड्याळाशी ताडू नका, त्या व्हर्जनच्या रिलीजच्या तारखेशी ताडा. घड्याळ कुणीही मागे नेऊ शकतं. शिवाय मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तारीख आपोआप चुकते आणि पैसे भरलेल्याचंच सॉफ्टवेअर अडतं. रिलीजची तारीख बदलत नाही, त्यामुळे इंटरनेट नसतानाही तपासणी बरोबर होते.

ऑटो-अपडेटरनेही नवं व्हर्जन उतरवण्याआधी हीच तपासणी केली पाहिजे. ती राहिली, तर मुदत संपलेल्या गिऱ्हाइकाकडे त्याच्या लायसन्सबाहेरचं व्हर्जन बसतं आणि सकाळी दुकान उघडल्यावर प्रोग्राम कुलूपबंद दिसतो. प्रत्येक जुन्या व्हर्जनचा इन्स्टॉलर डाउनलोडसाठी ठेवा. त्यावर डिजिटल सही करताना टाइमस्टॅम्प (सही केल्याच्या वेळेची नोंद) घ्या, नाहीतर सहीच्या सर्टिफिकेटची मुदत संपताच विंडोज जुन्या इन्स्टॉलरवर इशारे दाखवू लागतं.

जीएसटीचे दर कोडमध्ये पक्के लिहू नका. 22 सप्टेंबर 2025 ला दर बदलले, तेव्हा 12 आणि 28 टक्क्यांचा बहुतेक माल दुसऱ्या टप्प्यांत गेला. दुकानदाराला स्वतः बदलता येईल असा तक्ता द्या. कायद्याने आलेल्या बदलासाठी त्याला 1,500 भरायला लावणं बरं नव्हे. डेटा खराब करणाऱ्या चुकांची दुरुस्तीही सगळ्यांना फुकटच द्या.

प्रश्न : जेटब्रेन्स कंपनीच्या आयडीईची (प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरची) वार्षिक वर्गणी बंद करायची आहे. हातात काय राहील? – एक वाचक, पुणे

उत्तर : वर्गणीचं शेवटचं वर्ष सुरू झालं त्या दिवशी जे व्हर्जन होतं ते, कायमचं. म्हणजे 1 मार्च 2024 ला वर्षभरासाठी त्यांचं इंटेलिजे आयडिया हे आयडीई घेतलं असेल, तर 2023.3 आणि त्यातल्या दुरुस्त्या. वर्षभरात बसवलेली पुढची व्हर्जन मात्र सोडावी लागतात. अनेकांचा गैरसमज इथेच होतो. मुदत संपायच्या आठवडाभर आधीच जुनं व्हर्जन शेजारी बसवून तुमचे प्लगइन (जोडून घेतलेले छोटे प्रोग्राम) त्यावर चालतात का ते बघा. सेटिंग्जचं फोल्डर व्हर्जननुसार वेगळं असतं, जुनं फोल्डर उडवू नका. 2015 मध्ये कंपनीने नुसती वर्गणी जाहीर केली तेव्हा प्रोग्रामरांनी जोरदार विरोध केला, म्हणून एक व्हर्जन कायमचं ठेवायची ही सोय आली.

प्रश्न : परदेशी सॉफ्टवेअरची वर्षाची 16,000 रुपयांची वर्गणी कार्डावरून आपोआप कापली जात नाही. कार्डात बिघाड आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुधा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ओटीपीशिवायच्या अशा कपातीची मर्यादा जून 2022 पासून 15,000 रुपये आहे. त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. मुदत संपायच्या आत साइटवर जाऊन स्वतः भरा. ओटीपी टाळायला मासिक योजनेवर जाणार असाल, तर ‘वार्षिक करार, दरमहा हप्ता’ असं लिहिलंय का ते आधी वाचा. अशा योजनेतून मध्येच बाहेर पडल्यास शुल्क पडू शकतं. हे शुल्क ग्राहकांपासून लपवल्याच्या आरोपावरून अमेरिकी सरकारने जून 2024 मध्ये ॲडोबीवर दावा लावला होता.